पाच फुटी पलंग

देवरे इंजिनिअर म्हणाले, पलंग पाच फुटीच कर.
मी म्हटलं, साहेब, आणि माणूस?
ते म्हणाले, माणूस झोपणार नाहीये,
माणूस बघणार आहे.

पाथर्डी फाट्याच्या पुढे, पत्र्याच्या कुंपणाआड
इमारत अजून खड्ड्यात होती,
ब्रेकर रात्रंदिवस काळा दगड फोडत होता,
आणि सॅम्पल फ्लॅट तयार.
पोर पोटात, घुगऱ्या वाटून मोकळे.

कपाट सोळा इंच खोल. हँगर बसत नाही,
म्हणून दार स्क्रूने कायमचं बंद.
सोफा असा की अर्धी मांडी बाहेर.
खोल्यांना दारं लावायचीच नाहीत,
दार म्हणे जागा खातं.
टेबलावर फळं मेणाची, त्यात द्राक्षंसुद्धा.
नाशकात, मेणाची द्राक्षं!
हसलो, तर दातात धरलेला खिळा
गिळता गिळता राहिलो.

बाप सांगायचा, रंध्याला खोटं बोलता येत नाही.
टेपला येतं,
हे मला बत्तीस वर्षांनी कळलं.

खिडकीच्या जागी भिंत होती,
भिंतीत उजेडाची पेटी,
पेटीत बाविसाव्या मजल्यावरून दिसणारं नाशिक.
शलाका मॅडम गिऱ्हाइकाला सांगायच्या,
सकाळी पडदा सरकवला की पांडवलेणी तुमची.
मी डोंगराच्या पायथ्यापासून बोट सरकवत आलो:
अंबडच्या शेड, पाण्याची टाकी,
नासर्डीचं वळण, म्हसोबाचा शेंदूर,
तिथून डावीकडे तिसरं छप्पर माझं,
निळी ताडपत्री, वर चार विटा.
तिथे गवत होतं.
कापलेलं, हिरवंगार,
त्यावर एक बाई योगासनं करत होती.

मी घरी फोन लावला. बायकोने उचलला.
काही नाही, म्हटलं,
आहेस ना, ते बघितलं.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री
पॉलिश वाळायची वाट बघत
त्याच पलंगावर आडवा झालो.
घोटे बाहेर लोंबत राहिले.
भिंतीवर एसीचं नुसतं तोंड, मागे यंत्र नाही.
घाम पुसत बराच वेळ त्या बाईकडे बघत पडलो.
पाय तिने माझ्या मोरीवर ठेवलेला.

फ्लॅट विकले गेले.
सॅम्पल फ्लॅट तोडायचा ठरला,
तिथून मॉलचा रॅम्प जाणार होता.
देवरे म्हणाले, लाकूड ने तुझं.
मी पलंग अख्खाच टेम्पोत घातला.
हर्षाली तेव्हा नऊ वर्षांची. तंतोतंत बसली.
वाटलं, माप चुकलं नव्हतं,
गिऱ्हाईक तेवढं उशिरा आलं.

सहावा स्लॅब पडला, तिची उशी वर सरकली.
बारावा पडला, ती तिरकी झोपायला लागली.
पुढचे मी मोजले नाहीत.

मॉल उघडला त्या दिवाळीत सगळे गेलो.
बायको सरकत्या जिन्यापाशी चप्पल काढायला लागली,
हर्षालीने तिचा हात धरून ओढली.
तिसऱ्या मजल्यावर फर्निचरचं दुकान,
सवयीने एका पलंगाला वीत लावली.
नऊ विती. साडेसहा फूट.
सिक्युरिटीचा पोरगा म्हणाला, काका, हात नका लावू.
बरोबर आहे, मी म्हटलं, माप बरोबर आहे.
त्याला काही कळलं नाही.

हर्षाली काचेला नाक लावून उभी होती.
पप्पा, आपलं घर कुठंय?
मी म्हसोबापासून बोट सरकवलं.
दिसत होतं. अजून.
दोन विटा वाऱ्याने पडलेल्या.

रविवारी पलंगाच्या पायथ्याला दीड फूट जोडलं.
साग परवडला नाही, बाभळीचं लाकूड लावलं.
सांधा दिसतो. पॉलिश मारा ना, ती म्हणते,
मैत्रिणी येतात.
मारीन.
एक फळी मात्र माळ्यावर वेगळी ठेवलीय.
पोरगी आत्यावर गेली तर
आणखी चार बोटं लागतील.