पहाटे साडेपाच, एकोणीसशे सत्तर

गोकुळ शिरगावच्या दूध शीतकरण केंद्रात
रात्री अडीचला वीज गेली, आली.
तेवढ्यात सर्व्हरच्या पोटातली बटणाएवढी बॅटरी मेली
आणि तो उठला थेट
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला,
पहाटे साडेपाचला.

युनिक्सचा काळ तिथून मोजतात.
शून्य तिकडं मध्यरात्री असतं,
आपल्याकडं पडतं
ऐन धारा काढायच्या वेळेला.

काट्यावर अकरा पावत्या तशाच छापून गेल्या:
म्हैस, सात पॉइंट दोन फॅट, सन सत्तर.
बँकेचं प्रमाणपत्र म्हणालं, मी अजून लागू झालेलं नाही.
फाटकाबाहेर बारावा टँकर हॉर्न देत उभा.

बाहेरच्या घड्याळांना वेळ विचारली.
उत्तर नाही.
पुन्हा विचारली.
मग फायरवॉलचे नियम उघडले, बोट लावून ओळ ओळ,
आणि शेवटून तिसरी:
एकशे तेवीस नंबरचं दार, बंद.
पुढं शेरा, अ. नेजदार.
म्हणजे मीच.
गेल्या गुरुवारी मीटिंगमध्ये काय तोरा होता,
लागेल तेवढंच उघडं, बाकी सगळ्याला कडी!

मशीननं शांतपणे कळवलं,
ही फाईल भविष्यातली आहे.
क्षणभर बरं वाटलं.
चूक अजून व्हायची होती.
मीही व्हायचे होते,
आईचं लग्नसुद्धा.

दार उघडलं, तरी गाडं अडलंच.
वेळ जुळवणारा प्रोग्राम मानी असतो.
हजार सेकंदांच्या आतली चूक तो मिटवतो,
पन्नास वर्षांची म्हटलं की
हात जोडून निघून जातो.
आधी कुणीतरी माणसानं अंदाजे सांगावं लागतं.
माझा मोबाइल गेटवर जमा.

खिडकीतून हाक मारली,
"मगदूमकाका, किती वाजले?"
बाहुबली मगदूमांनी स्वेटरची बाही सारली.
"तीन सत्तेचाळीस. पर पाच मिंटं फुडं हाय बघा,
सकाळची पैली केएमटी चुकू ने म्हणून."
तीनशे सेकंद. चालतंय.

तीच वेळ घातली, एंटर दाबलं.
कुठल्याशा दूरच्या घड्याळानं पाच मिनिटं कापून घेतली.
टँकर आत आला.
अकरा पावत्या पेनानं दुरुस्त करताना
एक बिघडली, ती खिशात घातली.

जाताना म्हटलं, काका, द्या,
तुमचंही बरोबर लावते.
त्यांनी मनगट पाठीमागं नेलं.
"नगं. मग बस कोण धरणार?"