एकतिसावं घर

लेवार्डनच्या जुन्या बाजारात, फुटक्या किटल्यांखाली
विब्रिखला हा हंसाचा पट सापडला.
तिथे घासाघीस केली नाही;
घरी येऊन मला मात्र निम्मीच किंमत सांगितली.

त्रेसष्ट घरं, गोलगोल आत जाणारी.
एकोणिसाव्यात खाणावळ, अठ्ठावन्नाव्यात मरण.
मरण म्हणजे काय, पुन्हा पहिल्यापासून.
आणि एकतिसाव्यात विहीर :
पडलात की बसायचं,
दुसरं कुणी पडेपर्यंत.

नेमका तिथलाच कागद झिजलाय.
शाई उडालेली, काठ मेणचट.
कुणाचं तरी बोट सोंगटीवर,
दान येईना, आणि बाहेर
कालवा गोठत चाललेला.

कपाटात असे चाळीस पट आहेत.
काचेआड ठेव, म्हणतो मी, खराब होतील.
ती फासे माझ्या तळहातावर टाकते.
हाडाचे. एकाचा कोपरा उंदरानं कुरतडलेला,
त्याला चार जरा जास्तच पडतात.

आज ती विहिरीत, तिसरा डाव झाला.
मी सव्वीसवर.
चार पडले. दुसऱ्यावर एक.

सुटली होती ती. तरी आपली सोंगटी
जराशी कडेला सरकवून म्हणाली,
बस.