पीप

वास्कोच्या लिलावात स्वस्त मिळालं म्हणून
रुझारने टेम्पोत घालून केप्यापर्यंत आणलं.
आतून काळं ठिक्कर, मुद्दाम जाळलेलं.
मक्याची दारू त्यात चार वर्षं निजली होती म्हणे,
केंटकी नावाच्या गावी, की प्रांती.
तिथला कायदाच असा, बर्बनला पीप कोरं हवं.
एकदा रितं झालं की काढा विकायला.

राय तिखट असते, बोटीवर शिकलेला रुझार सांगत होता,
टेनेसीची कोळशातून गाळतात, थेंब थेंब.
दारूबंदीत तिकडे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे.
"चिठ्ठी कशाला?" आनमारी म्हणाली,
पोराच्या छातीला कोमट फेणी चोळत.

पिपात भरलेली फेणी वर्षाने निघाली
चहाच्या रंगाची.
आनमारीने हुंगली. "ही कुणाची?" एवढंच विचारलं.
गिऱ्हाईक फिरकलं नाही.
रुझारने एकट्याने संपवली, हट्टाने,
पुढच्या इंत्रूजपर्यंत.

आता पीप भाटीमागे, आडवं.
एप्रिलात बोंडू आंबायला लागले
की फळ्या तापतात
आणि परसात वास येतो
आमच्यापैकी कुणीच न पाहिलेल्या शेताचा.
रुझार म्हणतो, मक्याचा.
आनमारी म्हणते, आत कोंबडी बसते, तिचा.