टेलची चिठ्ठी

पहाटेचे अडीच. सात नंबरच्या टाकीतून नमुना काढताना
बोरस्त्यांची तेजल विचारते,
"मॅडम, यीस्टला कळतं कसं, आता पुरे म्हणून?"
खिडकीबाहेर गंगापूर धरणाच्या काठाला
दिव्यांची तुटक ओळ.

मी फळ्यावर पाच चौकोन काढते. पाच विकरं.
पुस्तकातला शब्द; आम्ही दोघी एन्झाइमच म्हणतो.
थ्रिओनिन पहिल्याच्या हाती, त्याच्याकडून दुसऱ्याच्या,
असं करत पाचव्याच्या हातून बाहेर पडतं आयसोल्यूसीन.
ते साचू लागलं की त्यातलाच एखादा रेणू
उलटा निघतो, थेट पहिल्या चौकोनाकडे.
पुढच्या दाराला हात लावत नाही,
कडेच्या खोबणीत जाऊन बसतो.
एवढ्यानं विकर जरा अंग चोरतं
आणि थ्रिओनिनला तिथं मावता येत नाही.

"आणि मधले?"
मधल्यांना कुणी काही सांगत नाही.
त्यांच्या हाती काही येतच नाही.

डावा कालवा, चारी नंबर अकरा. अप्पा पाटकरी.
आवर्तन सुटलं की आधी टेलला पाणी, मग वर.
शेवटची बाग भिजली की गांगुर्डेकाका
बिडीच्या कागदावर लिहायचे: पुरे.
ती चिठ्ठी दातांत धरून मी सायकलवर,
पाण्याच्या उलट दिशेनं,
एक चप्पल कायम पायडलवरून निसटलेली.
अप्पांनी चिठ्ठी कधी वाचली नाही.
बाभळीपाशी माझी सायकल दिसली
की ते गेटचं चाक फिरवायला लागायचे.
नऊ वर्षांचं आयसोल्यूसीन.

तेजलला हे सांगत नाही.
"ब्रिक्स लिही," म्हणते. "आठ पॉइंट दोन."

आता अप्पांची साखर दोनशे ऐंशी.
चिठ्ठी निघते, सायकलही पोचते,
पण यकृताच्या गेटावरचा माणूस
बहिरा झालाय.
चारी तुडुंब, तरी वरून सोडतोच आहे.

रविवारी मखमलाबाद रोडला, मिसळीच्या टेबलावर,
पोऱ्या रश्श्याचा जग घेऊन येतो.
अप्पा माझ्याकडे न बघता
वाटीवर आडवा हात धरतात.
पोऱ्या पुढे सरकतो.
मी पावाची बशी माझ्याकडे ओढून घेते.

जरा वेळानं बोटं सैल होतात,
आधी करंगळी.
"ए बाळा," ते हाक मारतात,
"अर्धाच पळीभर."