पीळ

पहिली केबल नऊ जूनला जळाली,
दुसरी बारा तारखेच्या रात्री.
रात्र आपली म्हणायची सवय म्हणून,
वारांगेरच्या काठावर त्या महिन्यात
सूर्य मावळायला जागाच शोधत नाही,
उत्तरेला समुद्रावर टेकल्यासारखं करतो
आणि उठून पुन्हा चालू पडतो.

आराखडा माझा होता.
सूर्यफुलावर बेतलेला, दक्षिणेकडच्या शेतांत पारखलेला:
दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे मान फिरवायची,
अंधारात हळूच उलटं यायचं,
पहाटे पुन्हा पूर्वेला तोंड करून हजर.
अंधार मी गृहीत धरला होता.
कागदावर त्याच्यासाठी एक तुटक रेघ होती.

इथे माझं पॅनेल घाण्याच्या बैलासारखं
फिरत राहिलं,
एक वेढा, चार वेढे, अकरा,
आणि खांबाच्या पोटात वायर
वळत गेली सुंभासारखी.
सुंभ जळाला. पीळ तसाच.
कापून हातात घेतला तेव्हा
तांबंसुद्धा तो सोडायला तयार नव्हतं.

राव्ना जाळी विणत बसली होती
बर्फयंत्राशेजारी, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.
तो काळा तुकडा तिने उलटसुलट पाहिला.
सुन्निवा, म्हणाली, दोरीला उलटा पीळ द्यायला
कुणीतरी दुसऱ्या टोकाला लागतं.
तुझ्याकडे कोण आहे?
मी म्हटलं, आणखी एक मोटार बसवता येईल.
तिने दातांतली सुई काढली
आणि सुईनेच खडकाकडे दाखवलं.

खडकावर रेनडियरगुलाब.
बोटभर देठ, आठ पांढऱ्या पाकळ्या,
वाटीसारख्या, ऊन पिण्यापुरत्या.
देठाला शाईचा एक ठिपका लावून
मी पालथी पडून राहिले,
कोपराखाली वही, डोक्याभोवती डासांचा ढग.
फुलाचं तोंड पूर्वेला. दक्षिणेला. पश्चिमेला.
मध्यरात्री उत्तरेला, समुद्राकडे.
ठिपका मात्र जिथल्या तिथे.

फूल वळत नव्हतं.
कलत होतं.
देठाची जी बाजू सावलीत
तीच थोडी लांबायची
आणि फुलाला उजेडाकडे लोटायची,
मग पुढची बाजू, मग तिच्या पुढची.
प्रदक्षिणा पूर्ण, वेढा एकही नाही.

इतकी वर्षं मी उन्हाचा हिशेब मांडला.
सावलीच्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं.

मोटार काढली. खांबाऐवजी जाड स्प्रिंग,
तिच्याभोवती सहा रबरी पिशव्या,
इस्सातने पाणबुड्याचा जुना पोशाख फाडून शिवलेल्या.
काचेच्या कडेला तेलाच्या सहा बारीक नळ्या:
उन्हातल्या नळीचं तेल तापायचं
आणि समोरच्या, सावलीतल्या पिशवीत उतरायचं.
पहिल्या दिवशी त्याने सरळ मान टाकली.
गेलं, इस्सात म्हणाला, टोपी काढून.
दुसऱ्या दिवशी वारा. तिसऱ्या दिवशी
एक पिशवी गळली, माझ्याच बुटात.

तेवीस तारखेला, कॉफी गार होईपर्यंत
कुणालाच काही कळलं नाही.
मग काचेवरची चकाकी
राव्नाच्या जाळ्यावरून सरकली,
वाळत घातलेल्या कॉडवरून, होडीच्या नाकावरून,
आणि बर्फयंत्र खाकरून सुरू झालं.
सूर्याच्या वीस मिनिटं मागे.
फूलही तेवढंच मागे राहतं का
ते मोजायचं राहून गेलं.

संध्याकाळी काचेच्या मधोमध
एक माशी पाय पसरून शेकत बसली होती.
मी हाकलली नाही.
वहीत लिहिलं: काच पुसणे.

नोव्हेंबरात काय करेल हे?
राव्नाने विचारलं. सूर्यच नसेल तेव्हा?
मी बराच वेळ विचार केला.
नोव्हेंबरात सगळ्याच बाजू सावलीत,
सगळ्या पिशव्या सारख्या,
सरळ उभं राहील, आभाळाकडे तोंड करून.

मग बर्फ साचेल, ती म्हणाली,
आणि गाठ मारून दोरा तोडला.
झाडणी आहे माझ्याकडे. लांब दांड्याची.