तारीख चहा

गाडी डेपोत लावून, कॅश भरून
मी चालत मंठा चौफुलीवर येते,
खाकी बाह्या दुमडते
आणि बाकड्यावर बसते. एकटी.
पहिल्या आठवड्यात जालन्यातलं सगळं बघायचं.
आता फक्त कुत्रं बघतं,
तेही गयाबाईच्या कढईवरून नजर निघाली तर.

मुन्तजीब सात वर्षं इपोहला होता.
ते कुठं, विचारलं तर
"मद्रास के आगे, पानी के उस तरफ" म्हणतो.
तिथं पहाटे चारपर्यंत मैदा आपटायचा,
हवेत भिरकावायचा,
पलीकडचा बल्ब दिसेल इतका पातळ.
परत आला तेव्हा पेटीत आईला शाल
आणि लांब दांड्यांचे दोन डबे.

या डब्यातून त्या डब्यात तो चहा ओढतो,
हातभर, दीड हात,
तांबूस दोरी ताणली जाते, तुटत नाही.
तिकडं याला तेह तारिक म्हणतात.
तारिक म्हणजे ओढणं.
सोनाजी पेंटरनं नीट ऐकून घेतलं, मान हलवली
आणि पाटीवर ठळक लिहिलं:
तारीख चहा.

मिलवाल्यांना त्यात काही चुकीचं वाटलं नाही.
आज प्यायचा, दहा तारखेला द्यायचे.
भट्टीवरून सुटलेली, भुवया करपलेली पोरं
प्याली आणि बोटानं हवेत दहा लिहून गेली.
"हौ, अब क्या बोलना," मुन्तजीब म्हणाला,
आणि वही विकत आणली.

मग दुसरं खूळ.
तिकडं म्हणे टेबल कुणाच्या बापाचं नसतं.
शेवया एकाच्या, मासा दुसऱ्याचा,
कॉफी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या चिन्याची,
समोर बसलेला कोण, माहीत नाही.
हिशोब ताटल्यांच्या रंगावर.
गयाबाई लगेच हो म्हणाली.
सिद्रामप्पाला पंधरा दिवस लागले:
"माझा डोसा हिच्या भज्याच्या मांडीला मांडी लावून?"

हिरवी गयाबाईची, पिवळी डोशाची, निळी मुन्तजीबची.
पहिल्याच रात्री सगळ्या एका टबात विसळल्या.
हिरव्यात डोसा गेला, पिवळ्यात सुशीला,
आणि अकरा वाजता
"माझे सतरा!" "बावीस कसे, बावीस कसे?"
गयाबाईनं झारा उचलला.
मी शिट्टी वाजवली.
सवय. तिघं गप्प.

तेव्हापासून मोजणं माझ्याकडं.
पैसे घेत नाही. सिद्रामप्पा कडेनं कुरकुरीत डोसा देतो,
गयाबाई "घे गं, तुह्या हाताला बरकत हाय" म्हणत
दोन मिरची भजे कागदावर सरकवते,
ताटलीत नाही,
म्हणजे मोजले जाणार नाहीत.
चहा मी बिनसाखरेचा पिते.
"एक कोसोंग!" मुन्तजीब स्वतःलाच ओरडून सांगतो.
कोसोंग म्हणजे रिकामं.
पूर्ण भरलेला ग्लास देतो आणि म्हणतो रिकामं.

एकदा समोर ओडिशाचं पोरगं बसलं.
माझ्या पुढ्यातल्या चुरमुऱ्यांकडं, कोथिंबिरीकडं बघत
"ये क्या है?"
म्हटलं, सुशीला.
तो हसला. "मेरी माँ का नाम है."
मग हसणं थांबलं,
आणि त्यानं एक प्लेट मागवली,
ती संपायच्या आत दुसरी.
मी ताटल्या मोजताना त्याच्या दोनच्या एक केल्या.
आयुष्यात पहिल्यांदा हिशोब चुकवला.

गेल्या दहाला सगळे आले, तो आला नाही.
मिल बदलली, कुणी म्हणालं.
कुणी म्हणालं, गावी गेला.
नऊ चहा बाकी.
मुन्तजीबनं वही माझ्याकडं वळवली,
खोडू का, असं विचारल्यासारखी.
मी पेन काढलं,
त्याच्या नावापुढं लिहिलं, दहा तारीख,
आणि महिना
लिहिला नाही.