दोनदा आलेलं जे

‘हेडाऊ, हा तिसरा जे कुठून आणला?’
लांजेवार सर फळ्याकडेच तोंड ठेवून विचारतात
आणि वर्ग हसतो, पंख्यासकट.
अमरावती रोडवरची खोली, एप्रिलातले अकरा,
कूलरच्या ताट्या मागच्या वर्षीच्याच, कोरड्या ठण्ण.

मी वहीत बघते.
अक्षरांना अक्षरं चिकटलीत,
काही डोक्यावर बसलेली, काही पायाशी,
एकाच्या कडेला तिरपी बारीक रेघ :
ती अक्षराची की त्याच्या निर्देशांकाची
हे लिहिणारीलाच ठाऊक नाही.
उतरवलं मात्र सगळं बरोबर.
उतरवणं म्हणजेच कळणं असतं
तर गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याला केव्हाच डॉक्टरेट मिळाली असती.

अग्रसेन चौकात मेट्रोतून उतरून
गांधीबागेत, बाबांच्या दुकानात.
बाबांचं म्हणजे शेठचं.
बाबा एकतीस वर्षं त्या गादीवर, मीटरपट्टी मांडीशी.

समोर मौद्याहून आलेली एक म्हातारी.
गाद्यांच्या खोळींना कापड पाहिजे, नऊ वार.
बाबा म्हणाले, ‘सव्वाआठ मीटर होते, माय.’
‘सव्वाआठ काहून? मी नऊ मांगून राह्यली!’
‘वार लहान, मीटर मोठा.’
‘मंग भाव काहून वाढवला?
मागं तर वाराले एक्क्याण्णव घेतले होते,
आता शंभर सांगतो.’
‘ते वाराचे. हे मीटरचे.’

तिला पटेना.
बाबांनी गादीखालून जुना लोखंडी गज काढला,
तोच ठाण दोनदा मोजला,
आधी गजानं, मग पट्टीनं,
दोन्ही वेळा कात्री एकाच जागी टेकवून दाखवली.
कापड हललंसुद्धा नाही.

मी खांबाला टेकून उभी,
खांद्यावरची बॅग खाली ठेवायची राहून गेलेली.

माप मोठं केलं तर लांबीचा आकडा उतरतो :
हा वर बसणारा.
माप मोठं केलं तर भाव चढतो :
हा पायाशी बसणारा.
एक उतरला तेवढाच दुसरा चढला,
आणि दोघं गुणाकारात भेटले तेव्हा
पावतीवर ना वार उरला, ना मीटर.
आठशे तेवीस रुपये, फक्त.

म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली,
नोटा थुंकी लावून मोजल्या, म्हणाली,
‘तू जे जे सांगशील ते ते खरं, भौ.
पण आधी मोजून दाखव, मंग सांग.’

जे जे.

एकदा म्हटलं तर एखादी गोष्ट.
दोनदा म्हटलं की त्या जातीच्या सगळ्या,
एकूण एक, बेरजेसकट,
आणि बेरजेची खूण लिहायची गरजच नाही.
ही तर माझ्या माय पोरीला रोज ओरडते ती भाषा,
घरोघरी, दारोदारी, जे जे सांडलं ते ते भर.
मी ती फळ्यावर परकी समजून
दोन महिने घाबरत बसले.
आणि जे जे जे?
तसं कोणी बोलतं का?
तोतरा माणूससुद्धा तिसऱ्याला थांबून श्वास घेतो.

शिवाय ते जे म्हणजे काही नावगाव नव्हे.
बाबा तापानं घरी असले की गादीवर नंदू बसतो,
पावती तेवढीच निघते.
जे खोडा, के लिहा,
दोन्हीकडे मात्र एकदमच खोडा.
जो एकटा आहे त्याला हात लावू नका,
बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे तो असेल
तर पलीकडेही तोच पाहिजे, त्याच मजल्यावर.

रात्री गोळीबार चौकातल्या घरी
मी तिसरा जे खोडला.
खोडरबरानं कागद थोडा फाटला.
तिरपी रेघ अजून नीट बसलेली नाही,
आणि पुढच्या धड्यात एक गामा आहे
वर एक, खाली दोन अक्षरं घेऊन,
दिसायला अगदी टेन्सरसारखा,
पण सर म्हणतात, नाही. फसू नका.

बाबांना विचारलं, असं कापड असतं का?
ते उशीवरून म्हणाले,
‘असते नं. ठाणावर नसते, पट्टीच वाकडी असते.
झोप आता. कूलरमध्ये पाणी टाक आधी.’